लोगेयॉन वापरून दोन वर्षं झाली: फुकटातली लॅटिन डिक्शनरी आणि "दोमुस" या एकाच शब्दावर घेतलेली तिची परीक्षा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. घाई असेल त्यांच्यासाठी एवढंच, की लोगेयॉन ही शिकागो युनिव्हर्सिटीची ग्रीक आणि लॅटिनची ऑनलाइन डिक्शनरी आहे, पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, आणि ज्याला थोडंफार संस्कृत येतं किंवा नुसतं नीट मराठी येतं त्याने ती वापरलीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते शेवटी येईल.

मी संस्कृत घेऊन बीए केलं त्याला आता वीस वर्षं होऊन गेली, मधे सगळं सुटलं, आणि दोन वर्षांपूर्वी लॅटिन शिकायला घेतलं, ते हौस म्हणूनच. सुरुवातीला एक ऑनलाइन क्लास लावला होता (नाव घेत नाही), तिथे चौथ्या का पाचव्या आठवड्यात "दोमुस" हा शब्द आला. दोमुस म्हणजे घर. सरांनी सांगितलं की हा शब्द इर्रेग्युलर आहे, याची रूपं पाठ करा, "दोमी" म्हणजे अ‍ॅट होम, हे एक्सेप्शन आहे, का ते विचारू नका, पुढे चला. मला ते "का ते विचारू नका" फार लागलं. ज्या भाषेत घराला घर म्हणायचं त्याच शब्दावर प्रश्न विचारायचा नाही म्हणजे काय? त्या रात्री जेवणं झाल्यावर टेबलावरची भांडीसुद्धा उचलली नव्हती, मोबाइलवर शोधत शोधत लोगेयॉन सापडली आणि मी तिथे पहिला शब्द टाकला तो हाच.

डिक्शनरी चांगली का वाईट हे ठरवायला शंभर शब्द बघायची गरज नसते असं माझं मत आहे, एक घरगुती, रोजच्या वापरातला, झिजलेला शब्द घ्यावा आणि त्याची एंट्री शेवटपर्यंत वाचावी, त्यात सगळं कळतं.

तर लोगेयॉनमध्ये शब्द टाकला की एकाच पानावर बऱ्याच डिक्शनऱ्या एकाखाली एक उघडतात. मुख्य म्हणजे लुइस आणि शॉर्ट यांची 1879 ची मोठी लॅटिन डिक्शनरी. हिचा इतिहासही बघण्यासारखा आहे, मूळ फ्रॉइंड नावाच्या जर्मन विद्वानाचं काम, त्याचं अँड्र्यूजने इंग्रजी केलं, आणि त्यावरून ही नव्याने लिहिली गेली, त्यात शॉर्ट यांच्याकडे फक्त ए हे अक्षर होतं आणि बाकी सगळी डिक्शनरी लुइस यांनी केली. शिवाय लुइस यांचीच छोटी विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती, फ्रेंच येणाऱ्यांसाठी गाफियो, आणि मध्ययुगीन लॅटिनसाठी द्यु कान्ज. बाजूच्या पट्टीत तो शब्द किती वेळा वापरला जातो, कुठल्या शब्दांच्या शेजारी येतो, आणि खऱ्या ग्रंथांमधली वाक्यं. हे सगळं एका पानावर बघून पहिल्यांदा गरगरतं, पण दोन-तीन दिवसांत डोळ्याला सवय होते.

आता दोमुस. पहिलीच गंमत, एंट्रीच्या सुरुवातीलाच व्युत्पत्तीच्या कंसात संस्कृतचा दाखला बसलेला, "दम" म्हणजे घर. मी वाचलं आणि थबकलेच, कारण मला दम म्हटलं की इंद्रियदमन आठवतं, घर नाही. मग आठवलं ते ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त, अग्निमीळे पुरोहितं, त्याची आठवी ऋचा, "वर्धमानं स्वे दमे". स्वतःच्या घरी वाढणारा अग्नी. शेकडो वेळा म्हटलेली ओळ आहे हो ही, आणि "दमे" म्हणजे "घरी" हे कधी मनावर उमटलंच नव्हतं. आणि ही दमे सप्तमी, आणि लॅटिनचं दोमी हेसुद्धा सप्तमीच, लॅटिनमध्ये बहुतेक शब्दांची सप्तमी मरून गेली आणि तिचं काम पंचमीच्या रूपाने आणि "इन" या अव्ययाने उचललं, पण घर, गाव, जमीन असे मोजके शब्द आणि शहरांची नावं यांच्यात ती जिवंत राहिली. "स्वे दमे" आणि लॅटिनचं "दोमी सुआए", शब्दाला शब्द भेटतो. म्हणजे क्लासमध्ये ज्याला एक्सेप्शन म्हणून सोडून दिलं ते खरं तर सगळ्यात जुनं, सगळ्यात नियमातलं रूप होतं, बाकीचे शब्द बदलले आणि घर बदललं नाही.

आणि इथेच मला वाटतं की मराठी माणसाला लॅटिनचा हा शब्द इंग्रजी माणसापेक्षा सोपा जायला पाहिजे. आपण काय म्हणतो? "घरी आहे." "घरात" वेगळं, "घरी" वेगळं. पाहुणे घरात बसलेत, पण मी आज घरी आहे. "गावी" गेलो, "दारी" आला, "घरून" निघालो. "शाळी" म्हणत नाही, "ऑफिसी" म्हणत नाही, तिथे "त" लागतो. म्हणजे जुना सप्तमीचा ई मराठीतही अशाच ठरावीक शब्दांवर टिकून आहे, आणि लॅटिनमध्येही बघा कुठले शब्द, दोमी म्हणजे घरी, रूरी म्हणजे गावी, हुमी म्हणजे जमिनीवर. दोमो म्हणजे घरून. कुठलंही अव्यय लावायचं नाही. इंग्रजी पुस्तकात यासाठी अर्धं पान नियम आणि अपवाद लिहिलेले असतात आणि आपल्याला ते जन्मापासून येतंय.

पण एक खड्डा आहे, मी त्यात दोन महिने पडले होते म्हणून सांगते. मराठीत "घरी आहे" आणि "घरी जातो" दोन्हीकडे घरीच. लॅटिनमध्ये नाही. घरी असणं दोमी, पण घरी जाणं "दोमुम", द्वितीया. मी वहीत सगळीकडे "दोमी एओ" लिहून ठेवलं होतं, घरी जाते या अर्थी, आणि ते चूक आहे, "दोमुम एओ" पाहिजे. संस्कृत आठवलं की चटकन दुरुस्त होतं, गृहे अस्ति पण गृहं गच्छति, तोच हिशोब. रशियन शिकणाऱ्या एका मैत्रिणीला हे दाखवलं तर ती म्हणाली आमच्याकडेही आहे की, घर म्हणजे "दोम", घरी असणं "दोमा", घरी जाणं "दामोय". एकाच मुळातून आलेलं सगळं.

व्याकरणाचा खरा गुंता वेगळाच आहे. लॅटिनमध्ये नामांचे पाच गट, आणि दोमुस दोन गटांत एक-एक पाय ठेवून उभा आहे, दुसऱ्या आणि चौथ्या. षष्ठी चौथ्या गटाची, "दोमूस". पंचमी बहुधा दुसऱ्याची, "दोमो", चतुर्थी "दोमुई", अनेकवचनात षष्ठी "दोमुउम" पण चालते आणि "दोमोरुम" पण, द्वितीया "दोमोस" पण आणि "दोमूस" पण. वर हा शब्द स्त्रीलिंगी! उस ने संपणारे बहुतेक शब्द पुल्लिंगी असतात त्यामुळे सगळेच नवे विद्यार्थी मोठ्या घराला "माग्नुस" लावतात, ते "माग्ना" पाहिजे. संस्कृतमध्ये दम पुल्लिंगी, मराठीत घर नपुंसक, लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, तीन भाषांत तीन लिंगं.

लुइस आणि शॉर्टने ही सगळी रूपं कुठल्या लेखकाने कुठे वापरली ते दाखल्यासकट दिलंय, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यातून कळतं की खुद्द रोमन लोकांचंही यावर एकमत नव्हतं. सुएतोनियसने सम्राट ऑगस्टसच्या चरित्रात नोंदवून ठेवलंय की ऑगस्टस स्वतःच्या हाताने लिहिताना दोमुसची षष्ठी "दोमोस" अशी लिहायचा. बघा, ज्याच्या शब्दावर साम्राज्य चालत होतं त्याचं घराचं षष्ठीचं रूप वेगळं आणि चरित्रकाराला ते नोंद घेण्यासारखं वाटलं! हे वाचल्यावर माझी स्वतःच्या चुकांची भीती खूप कमी झाली.

पाठांतरासाठी शाळांमध्ये एक जुनी ओळ चालत आलीय, "तोल्ले मे, मू, मी, मिस, सी देक्लिनारे दोमुस वीस", म्हणजे दोमुस चालवायचा असेल तर मे, मू, मी, मिस ही शेपटं काढून टाक. यातलं "मी" हे शेपूट फक्त सप्तमीपुरतं परत घ्यायचं. आपल्या रामो राजमणिः सारखीच युक्ती. एवढी ओळ पाठ केली की निम्मा त्रास संपतो.

अजून एक गोष्ट, जी कुठल्या डिक्शनरीत नाही मिळणार, माझ्या वहीतून सांगते. लॅटिन छापताना बहुतेक पुस्तकांत स्वराची लांबी दाखवत नाहीत, त्यामुळे प्रथमा एकवचन आणि षष्ठी एकवचन दोन्ही सारखंच दिसतं. देवनागरीत लिहा, दोमुस आणि दोमूस. पहिला उकार, दुसरा ऊकार. झालं. घर आणि घराचं. शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून जेवढा मार खाल्लाय तो सगळा इथे उपयोगी पडतो. मी आता सगळी रूपं देवनागरीतच लिहिते आणि लॅटिन शिकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हेच सांगते. लोगेयॉनवर पहिल्या "ओ"वर ऱ्हस्वाची खूण असते, पण अंत्य प्रत्ययांच्या लांबीसाठी तिच्यावर विसंबून राहू नका, त्यासाठी जवळ एखादं शालेय व्याकरण ठेवा.

अर्थाकडे येते. नुसतं "घर" लिहून पुढे गेली ती डिक्शनरीच नाही. विटांचं घर, मग घरातली माणसं, मग घराणं, राजघराणं, मग मायदेश, आणि तत्त्वज्ञांचा पंथ सुद्धा, हे सगळं दोमुस. आपण नाही का गाण्यातलं "घराणं" म्हणत, ग्वाल्हेर घराणं, किराणा घराणं, तसंच. मायदेशाच्या अर्थासाठी सिसेरो या रोमन वक्त्याचं एक वाक्य मिळालं, कर्तव्यांवरच्या त्याच्या ग्रंथातलं, त्याचा मराठीत भावार्थ असा की घरी शहाणपण नसेल तर बाहेर शस्त्रांना काय किंमत. यात "घरी" म्हणजे देशात, शब्द दोमीच. आणि "बाहेर" साठी शब्द आहे "फोरिस". हा फोरिस म्हणजे मुळात दाराबाहेर, "फोरेस" म्हणजे दारं, आणि हा शब्द आपल्या "द्वार"चा सख्खा नातेवाईक आहे. म्हणजे सिसेरोच्या दोमी आणि फोरिसला मराठीत काय म्हणायचं? घरीदारी! मी हे रात्री साडेअकराला जुळवलं आणि नवऱ्याला उठवून सांगितलं, तो म्हणाला उद्या सांग, पण मला उद्यापर्यंत थांबवेना.

आणि एक वाक्प्रचार आहे "दोमी एस्त", शब्दशः घरी आहे, अर्थ असा की ते माझ्याकडे आहेच, बाहेरून आणायला नको. घरचंच आहे! तेरेन्स या रोमन नाटककाराच्या नाटकात एक बाप मुलाबद्दल ऐकतो की त्याला शिकायला गुरू घरातच होता, तिथे हाच दोमी. लुइस आणि शॉर्टने हा वापर वेगळा काढून दाखवलाय म्हणून मला सापडला, छोट्या डिक्शनऱ्यांत तो हरवून जातो. व्हिटेकर्स वर्ड्स नावाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, अमेरिकन हवाई दलातून निवृत्त झालेल्या कर्नल व्हिटेकर यांनी हौसेने बनवलेलं, रूप ओळखायला फार उपयोगी आणि वेगवान, मी अजून वापरते, पण ते दोन ओळींत अर्थ देऊन मोकळं होतं, हे असलं काही तिथे मिळणार नाही.

रोममध्ये दोमुस म्हणजे कुठलंही घर नव्हे हेही कळून घ्या. दोमुस म्हणजे श्रीमंतांचं स्वतंत्र घर, मधे वरून उघडा चौक, पावसाचं पाणी खालच्या हौदात पडायचं, आपल्या वाड्याच्या चौकाची आठवण यावी असं. बाकी जनता राहायची "इन्सुला"मध्ये, अनेक मजली भाड्याच्या इमारतींत, म्हणजे चाळीच म्हणा. चौथ्या शतकातल्या रोमच्या याद्यांमध्ये दोमुस सुमारे 1,800 मोजलीत आणि इन्सुला 40 हजारांच्या वर. आणि पॅलाटिन टेकडीवरचं सिसेरोचं घर, ते तर इ.स.पू. 58 मध्ये तो हद्दपार असताना त्याचा वैरी क्लोदियसने पाडलं आणि त्या जागेवर स्वातंत्र्यदेवीचं मंदिर उभारलं, म्हणजे जागा परत मागताच येऊ नये. पुढच्या वर्षी सिसेरो परत आला आणि पुरोहितांपुढे त्याने घरासाठी भाषण केलं, त्यात तो विचारतो की प्रत्येक नागरिकाच्या घराहून पवित्र असं काय आहे. जागा परत मिळाली त्याला. दोमुस हा शब्द मला त्या भाषणानंतर वेगळाच ऐकू यायला लागला.

आता याची पोरंबाळं. घराचा मालक "दोमिनुस", मालकीण "दोमिना". दोमिनाचं पोर्तुगीजमध्ये झालं "दोना", आणि गोव्याला जाऊन आपण ज्या दोना पावलावर फोटो काढतो त्यातली दोना तीच. फ्रेंचमध्ये "मेआ दोमिना"चं झालं "मा दाम", आणि तिथून इंग्रजीतून आपल्या शाळेत आली ती "मॅडम". डोमेस्टिक विमानतळ, वेबसाइटचं डोमेन, सगळं हेच कुटुंब. मागच्या जूनमध्ये लेकीच्या अ‍ॅडमिशनसाठी डोमिसाइल काढायला सेतूमध्ये रांगेत उभी होते, हातात फाइल, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, आणि एकदम डोक्यात आलं की हे "दोमिकिलिउम", तिथेच लोगेयॉन उघडून बघितलं, बरोबर, राहण्याची जागा. अधिवास.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा शब्द वेगळा होता, दंपती. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं जाया च पतिश्च दम्पती, जायाच्या जागी दम् येतो, आणि अमरकोशातली ओळ पाठ होती, "दम्पती जम्पती जायापती भार्यापती च तौ". जायाचं दम् का होतं याला उत्तर नव्हतं, आणि तिथेही विचारलं नाही. तुलनात्मक भाषाशास्त्र सांगतं की हा दम् म्हणजे घरच, दोमुसचाच भाऊ. वेदात एकवचनी दम्पती म्हणजे घराचा धनी, आणि द्विवचनात दोघं मिळून घराचे धनी. ग्रीकमधला "देस्पोतेस", ज्याच्यावरून इंग्रजी डेस्पॉट आला, तोही अगदी हाच समास, घराचा पती. तिकडे त्याचा हुकूमशहा झाला आणि आपल्याकडे लग्नपत्रिकेत आशीर्वादाला दांपत्य आलं.

व्युत्पत्तीबद्दल एक सावधगिरी. लुइस आणि शॉर्ट 1879 ची आहे आणि त्यानंतर या शास्त्रात फार काम झालंय, त्यामुळे कंसातली मुळं सुरुवात म्हणून बघा, शेवटचा शब्द म्हणून नको. "दोमारे" म्हणजे माणसाळवणं, ज्याचं संस्कृत भावंड दमन, ते दिसायला दोमुससारखं दिसतं पण आता ते वेगळ्या मुळाचं मानतात. व्युत्पत्तीसाठी 2008 चा डी वान यांचा कोश आहे पण महाग आहे. आणि सगळ्यात सखोल जायचं असेल तर म्युनिकचा थेसॉरुस लिंग्वाए लातिनाए, 1894 पासून काम चालू आहे, अजून संपलेलं नाही, छापलेले खंड पीडीएफ स्वरूपात फुकट ठेवलेत, पण ते लॅटिनमधूनच लॅटिन समजावतात, मी अजून तिथवर पोचले नाही.

आणि कृपा करून छापील प्रत ऑनलाइन मागवताना नीट बघा. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून लुइस आणि शॉर्टचा स्वस्त रीप्रिंट मागवला होता, स्कॅन करून छापलेला, डी अक्षराची कितीतरी पानं पुसट, दोमुसच्या एंट्रीतली बारीक अक्षरं तर भिंगानेही लागत नव्हती, परत घ्यायला त्यांनी नकार दिला. लोगेयॉनवर तोच मजकूर स्वच्छ, मोठा करून वाचता येतो.

दोमुसचं पुढे काय झालं तेही याच पानांवरून शोधता आलं. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, सगळ्यांनी घरासाठी "कासा" उचलला, जो लॅटिनमध्ये झोपडीसाठी होता. दोमुस इटालियनमध्ये उरला तो "दुओमो" म्हणून, देवाचं घर, शहरातलं मोठं चर्च. फक्त सार्डिनिया बेटावर माणसं अजून साध्या राहत्या घराला "दोमु" म्हणतात.

आता तो अर्धा गुण. पहिलं, सगळं इंग्रजीत (नाहीतर फ्रेंचमध्ये), आणि इंग्रजी अर्थ वाचून "घरी" आणि "घरात" मधला फरक कधीच कळत नाही, तो आपला आपल्यालाच लावावा लागतो. दुसरं, लुइस आणि शॉर्टमधली संक्षिप्त रूपं, लेखकांची नावं दोन-तीन अक्षरांत, नवख्याला काही कळत नाही, पहिला महिना फक्त ते ओळखण्यात जातो. अगदी सुरुवात करत असाल तर आधी त्याच पानावरची लुइस यांची छोटी एंट्री वाचा, मग मोठीकडे या. रूप टाकलं आणि मूळ शब्द नाही कळला तर त्यांचंच मॉर्फो नावाचं टूल आहे, तिथे "दोमो" टाका, कुठल्या विभक्तीचं ते सांगतं.

माझी वही आता अशी चाललीय, डाव्या पानावर लॅटिन देवनागरीत, उजव्या पानावर मराठी. दोमुसची आठ पानं झाली. काल रूस सुरू केला, नपुंसकलिंगी, म्हणजे गाव, शेतीवाडी. रूस, रूरी, रूरे. गावाला, गावी, गावाहून.